जुन्या पुरुष-मासिकांची विषयसूची कशी करावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत रद्दीच्या दुकानातून वजनावर मासिकांचा गठ्ठा घेतला, की पहिली अडचण विषयांच्या खिचडीची. 'एस्क्वायर' या अमेरिकन पुरुष-मासिकाच्या 1933 च्या पहिल्या अंकात पुरुषांचे कपडे, कथा आणि लेखक हेमिंग्वेचं क्युबातल्या मार्लिन या मोठ्या समुद्री माशाच्या मासेमारीवरचं पत्र शेजारी-शेजारी आहे. तिथल्याच 'आर्गोसी' मासिकात 1948 पासून निर्दोष असूनही शिक्षा झालेल्यांच्या प्रकरणांची फेरतपासणी, 'ट्रू' मासिकाच्या जानेवारी 1950 च्या अंकात उडत्या तबकड्या. आपलं 'किर्लोस्कर'ही 1920 साली कारखान्याचं पत्र म्हणून निघालं आणि समाजसुधारणेपर्यंत पोचलं. अशा अंकांना एकेक विषय चिकटवू नका. नोंद लेखाची करा.

आखीव रजिस्टरमध्ये रकाने पाडा: मासिक, महिना-वर्ष, पान, शीर्षक, लेखक, विषय, अंकाची स्थिती. लेखाला तीनपर्यंत विषय द्या, पण विषयांचे शब्द आधीच पहिल्या पानावर ठरवून लिहा. हे टाळलं तर एकाच मजकुराची नोंद कधी 'मोटार', कधी 'गाडी' अशी होते आणि हवा तेव्हा लेख सापडत नाही. इंग्रजी, कन्नड अंकांचे विषयही मराठीतच लिहा, म्हणजे सगळे एका यादीत येतात. जाहिराती सोडू नका: घड्याळं, रेडिओ, दाढीची पाती यांच्या किमती बहुधा तिथेच मिळतात.

हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढा. खानापूरकडच्या पावसात उघडलेला गठ्ठा ओल धरतो आणि बुरशी येते. बुरशीचे अंक वेगळे काढा, सावलीत हवेशीर जागी सुकवा, मग तोंडाला मास्क बांधून अंगणात मऊ ब्रशने झटका. उन्हात ठेवू नका. स्वस्त कागद पिवळा पडून तुकडे होतात.

गंजलेली पिन बाहेरून ओढली तर मधलं पान फाटतं. अंक मध्यावर उघडा, बोथट सुरीने पिनेची वाकलेली टोकं सरळ करा, अंक मिटून कण्याच्या बाजूने पिन अलगद काढा. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून गाठ आत मारा. सेलोटेप अजिबात नको, त्याचा गोंद पिवळा पडून अक्षरांत उतरतो. अंक आडवे, दहा-बाराच्या थरात, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

स्थितीच्या रकान्यात गेलेली पानं लिहाच. कूपन कापलेलं असेल तर पाठच्या पानावरचा मजकूरही गेलेला असतो. दोन्ही पानांचे आकडे नोंदवा.