कादंबरी, कविता आणि गाणे यांतील आशयसूत्र व अलंकार कसे उलगडावेत

साहित्यकृतीचे विश्लेषण कसे करावे हे सांगणारे बहुतेक सल्ले ‘वाचा, अलंकार ओळखा, विषय लिहा’ एवढ्यावर थांबतात. हे सारे प्रामाणिकपणे करूनही अनेकांच्या हाती एक यादीच उरते. अमुक ओळीत रूपक आहे हे कळलेले असते, कवितेचा विषय विरह आहे हेही कळलेले असते. मात्र त्या रूपकामुळे विरहाविषयी काय उमगले, हे सांगता येत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत विश्लेषणाला सुरुवात झालेली नसते, असे माझे ठाम मत आहे, आणि या लेखाचा मोठा भाग त्या एकाच टप्प्यासाठी आहे.

वाचन आणि खुणा

पहिले वाचन पेन्सिलीशिवाय करावे, दुसऱ्या वाचनात खुणा कराव्यात आणि कविता असेल तर तिसरे वाचन मोठ्याने करावे.

अलंकार ओळखणे

हे काम सरावाने आठवडाभरात जमते, त्यामुळे त्याचा बाऊ करू नये. शब्दालंकार (शब्दांच्या नादावर उभा असलेला) आणि अर्थालंकार (अर्थावर उभा असलेला) यांत गोंधळ होत असेल, तर संस्कृत काव्यशास्त्राने दिलेली जुनी कसोटी वापरावी: शब्द काढून त्याच्या जागी समानार्थी शब्द ठेवून पाहावा. ‘पहाटवारा पानापानांत पसरला’ या वाक्यात ‘पहाटवारा’च्या जागी ‘सकाळचा वारा’ आणि ‘पसरला’च्या जागी ‘शिरला’ ठेवले की अनुप्रास नाहीसा होतो, म्हणून तो शब्दालंकार. ‘तिचे बोलणे दगडासारखे जड होते’ यात ‘दगडासारखे’ऐवजी ‘धोंड्यासारखे’ म्हटले तरी उपमा तशीच राहते, म्हणून ती अर्थालंकार. अलंकाराचे नाव आठवले नाही तरी काही बिघडत नाही. ‘इथे निर्जीव वस्तू माणसासारखी वागते’ एवढे लिहिले तरी पुरते. ‘चेतनगुणोक्ती’ हा शब्द नंतर शोधता येतो. शब्द बदलून पाहण्याची ही कसोटी मात्र लक्षात ठेवावी, कारण पुढच्या अवघड टप्प्यावर तीच उपयोगी पडते.

विषय आणि आशयसूत्र यांतला फरक

विषय एका शब्दात सांगता येतो: मृत्यू, घर, मैत्री, सत्ता. आशयसूत्र सांगायला पूर्ण वाक्य लागते, आणि ते वाक्य असे असावे की कुणाला ते खोडून काढता येईल. ‘ही कादंबरी सत्तेविषयी आहे’ हे कुणीही खोडू शकत नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे. ‘सत्ता मिळवण्यासाठी माणूस जे सोडून देतो, त्याची उणीव त्याला सत्ता मिळाल्यावरही जाणवत नाही, असे ही कादंबरी दाखवते’ या वाक्याशी वाद घालता येतो. कादंबरीतली पाने पुढे करून ते खरे की खोटे हे ठरवता येते. उपदेशाचे वाक्यही टाळावे. ‘माणसाने लोभ करू नये’ हे आशयसूत्र नव्हे. ते वाचकाने स्वतःच्या मनाने काढलेले तात्पर्य असते आणि बहुधा कृती वाचण्याआधीपासूनच त्याच्यापाशी तयार असते.

अलंकाराकडून आशयाकडे: खरी अडचण इथे आहे

या टप्प्यावर मी स्वतः काही वर्षे चुकत होतो. माझी चूक अशी होती की मी प्रतीकांचे अर्थ बाहेरून आणत असे. दिवा म्हणजे आशा, नदी म्हणजे जीवन, पाऊस म्हणजे दुःख किंवा मिलन, वाट म्हणजे आयुष्याचा प्रवास: असा एक तयार संच माझ्या डोक्यात होता आणि कवितेत दिवा दिसला की मी आशेवर परिच्छेद लिहून मोकळा होत असे. एकदा एका वाचनमंडळात मी नदीवरच्या एका कवितेबद्दल असेच बोललो. तेव्हा समोरच्या एका तरुण वाचकाने शांतपणे विचारले, “नदी म्हणजे जीवन असेल, तर तिसऱ्या कडव्यात नदी आटल्यावर गावातली माणसे खूश का होतात?” माझ्याकडे उत्तर नव्हते. ते कडवे मी वाचले होते, पण माझ्या अर्थात बसत नव्हते म्हणून माझ्या नकळत बाजूला ठेवले होते. त्या दिवसापासून मी प्रतीकांच्या याद्यांवर विश्वास ठेवणे सोडले, आणि नवशिक्यांच्या हातात अशा याद्या देणाऱ्या मार्गदर्शिकांचा मला आजही राग येतो. अशा याद्या वाचकाचे डोळे समोरच्या ओळीवरून उचलून दुसरीकडे नेतात.

मग काय करावे, हे प्रत्यक्ष दाखवतो. कुणाचे आधीचे मत आड येऊ नये म्हणून पुढच्या चार ओळी मीच रचल्या आहेत.

दार उघडले, दिवा लाविला, बसले उंबरठ्याशी,
रात्रभरी मी मोजत बसले अंधाराच्या राशी;
पहाटवारा आला तेव्हा ज्योत जराशी हलली,
फुंकर मारुन मीच म्हणाले, ‘झोप, रात्र ही सरली.’

तयार संचातून अर्थ काढला तर उत्तर क्षणात मिळते: दिवा म्हणजे आशा, दिवा विझला म्हणजे आशा मावळली, म्हणून ही निराशेची कविता. आता शब्द बदलण्याची कसोटी लावू. शेवटच्या ओळीतला ‘मीच’ काढून वाऱ्यानेच दिवा विझवला अशी ओळ केली, तर निराशेचा अर्थ चपखल बसतो. पण मूळ ओळींत वारा दिवा विझवत नाही. तो येतो, ज्योत ‘जराशी’ हलते आणि पुन्हा स्थिर झाली असावी, कारण ती विझवायला फुंकर मारावी लागते. विझवणारी बोलणारी स्त्री स्वतः आहे आणि ‘मीच’मधला ‘च’ ते ठासून सांगतो. या एका अक्षरामुळे निराशेचा अर्थ टिकत नाही.

यानंतर ‘झोप, रात्र ही सरली’ पाहावे. रात्र सरली की माणसे एकमेकांना उठवतात. इथे रात्र सरल्यावर झोपायला सांगितले आहे. हा विरोध नुसता नोंदवून पुढे जाऊ नये, तो काय काम करतो ते विचारावे. रात्र ही जागण्याची, वाट पाहण्याची वेळ होती. ती संपली म्हणून आता विश्रांती घेता येईल, असा त्याचा रोख आहे. ‘झोप’ हे कुणाला उद्देशून आहे? ज्योतीला असेल किंवा स्वतःला असेल. दोन्ही अर्थ ओळीत बसतात आणि त्यांतला एक निवडण्याची गरज नाही, कारण दोन्हींमुळे एकच गोष्ट पुढे येते: रात्रभर दिवा आणि ती स्त्री एकच काम करीत होती.

छंदही इथे साक्ष देतो. प्रत्येक ओळीत 28 मात्रा आहेत आणि त्या 8, 8, 8, 4 अशा पडतात. पहिल्या तीन ओळींत वाक्य या गटांच्या कडेनेच चालते. विराम आला तरी गटाच्या शेवटी येतो. शेवटच्या ओळीत मात्र ‘झोप’ या 3 मात्रांनंतर, गटाच्या मध्येच, वाचणाऱ्याला थांबावे लागते. रात्रभर एका लयीत चाललेले मोजणे त्या शब्दापाशी तुटते. मोठ्याने वाचल्याशिवाय हे कानाला कळत नाही, म्हणून वर मोठ्याने वाचायला सांगितले.

‘अंधाराच्या राशी’ हे रूपक उरले. रास असते ती पिकाची, धान्याची. मोजली जाते ती स्वतःच्या हाती आलेली गोष्ट. म्हणजे रात्रभराच्या जागरणाचे जे पीक हाती आले, तो अंधार होता, आणि तिने तो नीट मोजून घेतला आहे. शेवटच्या ओळीतला निर्णय या मोजणीनंतर येतो, त्यामुळे तो तडकाफडकी वाटत नाही. इथे एक इशारा देतो. ‘राशी’चा दुसरा अर्थ आकाशातल्या बारा राशी असाही होतो आणि हुशार वाचकाला तिथून नशिबाकडे जाण्याचा मोह होईल. मलाही झाला असता. पण चार ओळींत ग्रह, तारे, भाकीत किंवा नशीब यांचा दुसरा एकही शब्द नाही, आणि ‘अंधाराच्या’ हे विशेषण त्या अर्थाला आधार देत नाही. ज्या अर्थाला कृतीत दुसरीकडे कुठेच साथ मिळत नाही, तो कितीही आकर्षक असला तरी सोडून द्यावा.

एवढे झाल्यावर आशयसूत्र लिहिता येते: ‘वाट पाहणारी व्यक्ती आपल्या वाट पाहण्याचा हिशेब करते आणि ते स्वतःच्या हाताने थांबवते; ते थांबवणे तिच्यासाठी हार नसून विश्रांती आहे.’ या वाक्याचा प्रत्येक भाग एखाद्या शब्दावर उभा आहे: हिशेब ‘मोजत’ आणि ‘राशी’वर, स्वतःचा हात ‘मीच’वर, विश्रांती ‘झोप’वर. ज्या भागाखाली असा शब्द दाखवता येत नाही, तो भाग वाक्यातून काढून टाकावा. कुणाची वाट पाहिली जात होती, ती व्यक्ती प्रियकर होती की मुलगा, याविषयी मी काही लिहिलेले नाही, कारण ओळी त्याबद्दल बोलत नाहीत.

प्रतीकाचा अर्थ संदर्भाने ठरतो, ही जाण आपल्या काव्यशास्त्रात फार जुनी आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या आपल्या ग्रंथात ‘सूर्य मावळला’ या एका साध्या वाक्याचे उदाहरण चर्चेला घेतले आहे. वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, सर्वांना एकच कळतो, पण कोण कुणाला आणि कोणत्या प्रसंगी बोलत आहे त्यानुसार तेच वाक्य ‘आता काम थांबवू’, ‘गुरे घरी आणा’, ‘संध्येची वेळ झाली’ किंवा ‘तुझा प्रियकर येण्याची वेळ झाली’ असे निरनिराळे सुचवते. अभिधा (शब्दाचा सरळ अर्थ देणारी शक्ती) आणि लक्षणा (सरळ अर्थ जुळत नसेल तेव्हा त्याच्याशी संबंधित अर्थ देणारी शक्ती) यांच्यापलीकडे व्यंजना (सुचवलेला अर्थ देणारी शक्ती) का मानावी लागते, हे त्यातून दिसते. सूर्यास्ताचा एकच ठरलेला अर्थ देणारी यादी हाती आली, तर हे उदाहरण आठवावे.

कादंबरीत हेच काम

तत्त्व तेच राहते. फरक फक्त आवाक्याचा आहे. चारशे पानांतल्या प्रत्येक उपमेचा माग काढणे व्यर्थ असते. त्याऐवजी पुन्हा पुन्हा येणारी एखादी वस्तू, जागा किंवा वाक्य निवडावे आणि ते जिथे जिथे येते ती पाने ओळीने लिहून काढावीत. समजा, निवेदक मुलगा वडिलांच्या घड्याळाचा उल्लेख तीन वेळा करतो: आधी ते बंद पडलेले असते, मग दुरुस्तीला दिलेले असते, शेवटी तो ते घरी विसरून बाहेर पडतो. घड्याळ कशाचे प्रतीक आहे, हा प्रश्न इथे विचारूच नये. पहिल्या आणि शेवटच्या उल्लेखांमध्ये काय बदलले, एवढेच विचारावे. वडिलांशी असलेल्या नात्याचा सारा प्रवास त्या फरकात सापडतो.

निवेदक कोण आहे आणि तो काय सांगत नाही, हेही कादंबरीत पाहावेच लागते. प्रथमपुरुषी निवेदकाचे म्हणणे हे लेखकाचे म्हणणे धरून चालणे, ही मला सर्वाधिक वेळा भेटलेली चूक आहे. निवेदक ‘मला तिचा राग आला नाही’ असे एका प्रकरणात तीनदा सांगत असेल, तर आशय त्या नाकारण्यात आहे.

गाण्यात काय वेगळे पाहावे

गाण्याचे शब्द कागदावर उतरवून त्यांची कविता म्हणून चिकित्सा करणे अपुरे असते. ध्रुवपद प्रत्येक वेळी तेच असते, पण त्याच्या आधीचा अंतरा बदललेला असतो, म्हणून प्रत्येक अंतऱ्यानंतर ध्रुवपदाचा अर्थ नव्याने लिहून पाहावा. दुसरे, ताल धरून ऐकावे आणि सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, कोणत्या शब्दावर येते ते टिपावे. त्रितालाच्या 16 मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर पडणाऱ्या शब्दाला जे वजन येते, ते छापील ओळीत दिसत नाही. ‘नको जाऊ’मध्ये सम ‘नको’वर आली की विनवणी आर्जवी होते, ‘जाऊ’वर आली की निघून जाणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. कोणता स्वर लांबवला आहे आणि गाताना कोणता शब्द पुन्हा घेतला आहे, याचीही नोंद ठेवावी.

लिहिताना

आशयसूत्र पहिल्या परिच्छेदात मांडावे आणि प्रत्येक परिच्छेदात एकाच पुराव्याचे काम दाखवावे. अलंकारांच्या क्रमाने लिहू नये. त्या क्रमाने लिहिले की लेखाची पुन्हा यादी होते.

लिहून झाल्यावर कृती आणखी एकदा वाचावी, आणि या वेळी आपल्या आशयसूत्राला सर्वांत जास्त विरोध करणारी ओळ शोधावी. वरच्या चार ओळींत ती पहिलीच ओळ आहे: शेवटी दिवा विझतो, पण उघडलेले दार बंद केल्याचे कुठेही म्हटलेले नाही. वाट पाहणे खरोखर थांबले असेल, तर दार उघडे का राहिले? ही ओळ लपवू नये. तिच्यासाठी एक परिच्छेद राखून ठेवावा, आणि तिच्यामुळे आशयसूत्रातले ‘थांबवते’ हे क्रियापद बदलावे लागले, तर ते बदलावे.