गल्लीतल्या साइटवर माल वेळेत कसा पोचवावा

रत्नागिरी, मालवणसारख्या शहरांत बांधकामाचा माल बहुधा गल्लीच्या तोंडाशीच अडकतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी टेप घेऊन सगळ्यात अरुंद वळण मोजा, लोंबत्या तारांची उंचीही बघा. डंपर वळणार नसेल तर वाळू बाहेर मोकळ्या जागेत उतरवून छोट्या टेम्पोने आत आणा. वाळू ब्रासच्या मापाने मिळते: एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, वजन चार टनांच्या वर. टेम्पोच्या खेपा त्या हिशेबाने धरा. ओलसर वाळू फुगते, माप जास्त दिसतं. 12 मीटरची सळई दुकानातूनच दुमडून मागवा.

पावसाळ्यात सिमेंट आठवड्यापुरतंच घ्या. स्वस्त मिळतं म्हणून ढीग लावला की दमट हवेत गोणीत गठ्ठे धरलेच. फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर सोडून रचा. एकावर एक दहापेक्षा जास्त गोण्या नकोत. आधी आलेली आधी वापरा.

रेडिमिक्सला, म्हणजे प्लांटवर कालवून गाडीने येणाऱ्या तयार काँक्रीटला, घाई खरी. प्लांटवर भरल्यापासून साधारण दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. पंप, व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून दाबून बसवणारं यंत्र), माणसं तयार असल्याशिवाय गाडी सोडायला सांगू नका. उशीर झाला की ड्रमात पाणी ओतायचा मोह होतो. तो साफ टाळा, काँक्रीटची ताकद जाते. आणि बाजाराच्या दिवशी स्लॅब ओतायचं काम ठेवूच नका.