एका मीटरवरच्या तीन बिऱ्हाडांत वीज-पाण्याची वाटणी

इंदूरच्या लोकमान्यनगर किंवा सुदामानगरातील जुन्या दुमजली घरांत पुष्कळदा खाली एक कुटुंब, वर दुसरे आणि गच्चीवरच्या खोलीत परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी राहतो. विजेचे मीटर मात्र एकच असते. बिलाचे सरळ तीन भाग करणे सोपे खरे, पण एका पंख्यावर भागवणाऱ्याने दोन कूलरांचे पैसे का भरावेत? त्यासाठी प्रत्येक बिऱ्हाडाला सबमीटर बसवावा. त्याचा खर्च घरमालकाने सोसावा, कारण भाडेकरू गेला तरी मीटर घरातच राहतो.

मुख्य मीटरचे रीडिंग होते त्याच दिवशी सबमीटरचे आकडे सर्वांसमक्ष टिपून त्यांचे फोटो काढावेत. समजा, बिल ३६० युनिटांचे आणि २,८८० रुपयांचे आले, म्हणजे सरासरी दर ८ रुपये पडला. खालच्या मजल्याची १४०, वरच्याची ११० आणि खोलीची ७० मिळून ३२० युनिटे होतात. उरलेली ४० पाण्याची मोटार आणि जिन्यातील दिवा यांची; त्यांचे ३२० रुपये माणशी वाटावेत. घरात चार, तीन आणि एक अशी आठ माणसे असतील तर माणशी ४० रुपये येतात आणि हिशेब अनुक्रमे १,२८०, १,००० व ६०० रुपये असा पुरा जुळतो. एक अश्वशक्तीची मोटार तासाला पाऊण युनिटाहून थोडी अधिक वीज घेते; त्यामुळे सामाईक युनिटे एकाएकी वाढली, तर भाडेकरूंवर संशय घेण्याआधी टाकी भरून वाहत नाही ना, हे पाहावे.

अनेक घरमालक वर्षभर एकच ठरावीक दर लावतात. मला ते पटत नाही, कारण बिलातील दर टप्प्यांनी चढतो, अधिभारही बदलत राहतो आणि भाडेकरूच्या मनात मालक विजेवर नफा काढतो ही शंका घर करते. मूळ बिलच दाखवावे.

एकत्र मीटरचा आणखी एक तोटा सहज लक्षात येत नाही. मध्य प्रदेशच्या अटल गृह ज्योती योजनेत (आधीचे नाव इंदिरा गृह ज्योती) महिना १५० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकाला पहिली १०० युनिटे १०० रुपयांत मिळतात. वरच्या उदाहरणातील प्रत्येक बिऱ्हाड या मर्यादेत बसते, पण ३६० युनिटांचे एकत्र मीटर बसत नाही. म्हणून स्वयंपाकघरे वेगळी असतील तर स्वतंत्र जोडणीची चौकशी वीज कंपनीच्या झोन कार्यालयात अवश्य करावी.

नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि सगळ्यांची टाकी एकच असते, तेव्हा पाणीपट्टी माणशी वाटावी. उन्हाळ्यात मागवलेल्या टँकरचेही तसेच. पाहुणे आठवड्याहून अधिक राहिले तर त्यांना मोजायचे की नाही, हे आधीच ठरलेले बरे. कचरा शुल्क बिऱ्हाडागणिक सारखे घ्यावे. मालमत्ता कर मालकाचा. तो या हिशेबात आणू नये.

हे सर्व भाडेकरारात लिहून, राहायला येण्याच्या दिवशीचे रीडिंग त्यातच नोंदवावे. खोली सोडताना चालू महिन्याचे बिल हाती आलेले नसते. अशा वेळी मागील महिन्याच्या सरासरी दराने रक्कम डिपॉझिटमधून कापावी आणि बिल आल्यावर फरक चुकता करावा.