मनिलात एकटीने धंदा नोंदवताना

मी मनिलात नव्याने धंद्यात उतरणाऱ्या मुलींना सल्ला देते. त्यांना पहिलं हेच सांगते: गुंतवणूकदारामागे नंतर धावा, आधी व्यापार-उद्योग खात्यात, म्हणजे डीटीआयमध्ये, नाव नोंदवा. बारांगायपुरतं (आपला वॉर्डच म्हणा) नाव २०० पेसोंत होतं, शहरासाठी ५००, देशभरासाठी २०००. उगीच देशभराचं घेऊ नका. मग बारांगायचा दाखला, महापौरांचा परवाना, शेवटी करखातं बीआयआर.

जमीन सोडून मालमत्ता ३० लाख पेसोंपर्यंत असेल, तर नेगोस्यो सेंटरमधून (डीटीआयचं छोट्या धंद्यांसाठीचं मदत केंद्र) बीएमबीई, म्हणजे अगदी छोट्या धंद्याचं, प्रमाणपत्र मागाच. धंद्याच्या उत्पन्नावर आयकर माफ होतो. हे कुणी आपणहून सांगत नाही, बरं का! भागीदार नको पण कंपनी हवी? २०१९च्या कायद्याने एकटीलाही एसईसीकडे, म्हणजे कंपन्या नोंदवणाऱ्या सरकारी आयोगाकडे, कंपनी नोंदवता येते.