लाँगआर्म (क्विल्ट शिवायचं मोठं, फ्रेमवालं मशीन) घ्यायचंय? थांबा, आधी माझं ऐका

गोधडी आजीकडून शिकले, जुन्या नऊवारीचे थर आणि हाताने धावदोरा. ओहायोला आल्यावर क्विल्टिंग, म्हणजे इकडची गोधडी, सुरू केलं ते साध्या घरगुती मशीनवर. त्यात सुई आणि खांबाच्या मधे जेमतेम सात इंच जागा, आणि त्यातून ९० बाय १०० इंचाची क्विल्ट गुंडाळी करून ढकलायची म्हणजे ओल्या सतरंजीशी कुस्ती, खांदे भरून यायचे. तरी दोन वर्षं त्याच्यावरच काढली आणि बरं झालं, कारण कापड पुढे ढकलणारे मशीनचे दात खाली करून फ्री मोशन, म्हणजे कापड हातानेच हवं तसं फिरवत नक्षी करताना हात आणि पायाचा ताळमेळ तिथेच बसला.

मग फक्त सरळ टीप मारणारं जरा मोठ्या गळ्याचं (गळा म्हणजे तीच सुई-खांबामधली जागा) मशीन घेतलं, त्यानंतर १६ इंचवालं सिटडाउन. सिटडाउनमधे टेबलावर बसून कापडच सरकवायचं असतं, पण जागा भरपूर. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल, खरंच.

लाँगआर्मचं गणित उलटं. कापड फ्रेमवर ताणलेलं आणि मशीन रुळांवर फिरतं, म्हणजे आतापर्यंत कागद हलवत होतो, आता पेन्सिल हलवायची. सवय मोडायला वेळ लागतो. म्हणून आधी भाड्याने चालवा, बऱ्याच क्विल्ट शॉपमधे एक क्लास केला की तासावर मिळतं. ह्यूस्टनच्या क्विल्ट फेस्टिव्हलला गेलात तर वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं हात लावून बघता येतात, तिथे कुठल्या हँडलने मनगट दुखतं ते बघा, रंग नंतर. स्टिच रेग्युलेटर मात्र हवाच, हात हळू चालो की जोरात, टाका सारखाच पडतो.

पैशाचं बोलू. नवीन घेतलं तर काही हजार डॉलर तरी धरा, वर कितीही. मी सेकंडहँड घेतलं, १० फुटी फ्रेमसकट. बाहेरची कामं घेते, एकच नक्षी सगळीकडे असेल तर चौरस इंचाला २ सेंट, म्हणजे ६० बाय ८० ला ९६ डॉलर. दोरा, वीज, पाठदुखी त्यातच :) नोकरी सोडू नका. आणि बेसमेंट मोजताना फ्रेमच्या पुढेमागे तुम्हाला उभं राहायचंय हे विसरू नका, मी विसरले होते, सोफा गेला.

पहिल्याच कामात माती खाल्ली. वरून टाके मोत्यासारखे, आणि चार ओळी गुंडाळून झाल्यावर खाली बघते तर प्रत्येक वळणावर दोऱ्याचे केस उभे, पापण्यांसारखे. वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, सैल होतं आणि वळणावर मी सुसाट. तीन रात्री उसवत बसले. आता बॉबिन बदलली की आधी कडेच्या जादा कापडावर टीप मारून बघते आणि टॉर्च घेऊन खाली वाकते. अस्तर चारही बाजूंनी ४ इंच जास्त मागायचं ते याचसाठी पण, नाहीतर कापड ताणून धरणारे क्लॅम्प तरी कुठे लावणार.

मशीन आलं की लगेच कुणाची क्विल्ट चढवू नका, जुनी चादर चढवा आणि नुसतं लिहा, नाव, बाराखडी, काहीही. माझ्या चादरीवर वर मोठा श्री आहे, वेलांटी पार दुसऱ्या टोकाला गेलेली.