बुधवारचं मटण सोडा, हुलगे भिजवा

सोलापुरात रविवारचं मटण बंद करा म्हटलं तर कोण ऐकणार, मी पण नाही. पण बुधवारी परत मटण आणि रोज रात्री ताटभर भात, हे जरा कमी करून बघा. शेळ्यामेंढ्यांच्या ढेकरातनं मिथेन वायू निघतो, पाणी साचलेल्या भातखाचरातनं पण तोच, आणि 100 वर्षांच्या हिशोबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या 27-28 पट पृथ्वी तापवतो. आपली मंगळवेढ्याची ज्वारी मात्र रब्बीत जमिनीतल्या ओलीवरच येते, आणि तूर-हुलग्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात म्हणून युरिया कमी लागतो.

तर बुधवारसाठी मंगळवारी रात्रीच हुलगे भिजत घाला, सकाळी कुकरला 5-6 शिट्ट्या, मग लसणाची फोडणी, काळा मसाला, मूठभर शेंगदाण्याचं कूट, आणि त्यात कडक भाकरी चुरून खायची. फायबर, प्रोटीन दोन्ही मिळतं. पोरं पहिल्या दिवशी तोंड वाकडं करतीलच, शेंगाचटणीवर दही घालून पुढं ठेवा, गप खातात. आणि हो, उरलेलं फेकू नका, कचराडेपोत सडून परत मिथेनच होतो, कडक भाकरी तर डब्यात कितीतरी दिवस टिकतीय.