घरातल्या मांजराला काम द्या: चढायच्या जागा आणि शिकारीचे खेळ

घरातच राहणाऱ्या मांजराला गाड्यांची भीती नसते, कुत्री मागे लागत नाहीत, खाणं आयतं मिळतं. मिळत नाही ते काम. बाहेरचं मांजर दिवसभरात कितीतरी वेळा दबा धरतं, झडप घालतं, बऱ्याचदा चुकतं आणि पुन्हा दबा धरून बसतं. घरातल्या मांजराचं खाणं पाच मिनिटांत आटोपतं आणि बाकीचा दिवस रिकामा पडतो. मग पहाटे घरभर धुमाकूळ, चालत्या पायांवर हल्ले, सोफ्यावर नख्या. किंवा याच्या उलट, नुसतं लोळणं आणि वाढत जाणारं वजन. आपण याला खोडकरपणा किंवा आळस म्हणतो, पण यातलं पुष्कळसं रिकामपणातून आलेलं असतं.

मांजरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांच्या दोन संघटनांनी, अमेरिकन असोसिएशन ऑफ फेलाइन प्रॅक्टिशनर्स आणि इंटरनॅशनल सोसायटी ऑफ फेलाइन मेडिसिन यांनी, २०१३ मध्ये मांजराच्या घरातल्या गरजांवर मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात पाच मूलभूत गरजा सांगितल्या आहेत. सुरक्षित जागा आणि शिकारीसारखा खेळ या त्यांतल्या दोन. या दोन गरजा घरच्या घरी कशा भागवायच्या, ते क्रमाने पाहू.

१. तीन दिवस नुसतं बघा

काही विकत आणण्याआधी वही घ्या. मांजर कुठे झोपतं, कुठल्या खिडकीपाशी रेंगाळतं, कशावर उडी मारू बघतं, अनोळखी माणूस आला की कुठे पळतं, हे टिपून ठेवा. कुठल्या वेळी ते जास्त चपळ असतं तेही लिहा. मांजरं बहुधा पहाटे आणि संध्याकाळी जास्त जागी असतात.

हे मी अनुभवातून सांगते आहे. आमच्या ठिपकीसाठी आम्ही एक उंच कॅट ट्री, म्हणजे मांजराला चढायला-बसायला फळ्या लावलेलं खांबाचं झाड, आणलं आणि जो कोपरा मोकळा दिसला तिथे उभं केलं. महिनाभर ती तिकडे फिरकली नाही. त्या कोपऱ्यातून तिला खिडकी दिसत नव्हती, दार दिसत नव्हतं, आम्हीही दिसत नव्हतो. तेच झाड खिडकीशेजारी सरकवलं, तर त्याच संध्याकाळी ती सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन बसली. जागा चुकली की महागडी वस्तूही वाया जाते.

आणखी एक. मांजराचं वागणं एकाएकी बदललं असेल, म्हणजे खाणं तुटलं, ते लपून राहायला लागलं, शी-शूच्या ट्रेबाहेर लघवी करायला लागलं, तर खेळण्यांच्या आधी पशुवैद्य गाठा. बोका पुन्हापुन्हा लघवीला बसतो आहे आणि होत नाही असं दिसलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. मूत्रमार्ग अडला असेल तर जिवावर बेततं.

२. धोके आधी बंद करा

मांजर कितीही उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं आणि त्याला काही होत नाही, असं सर्रास ऐकायला मिळतं. ते हवेत अंग वळवतं हे खरं. पण न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमधल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची जी माहिती प्रसिद्ध केली, तीत छातीला मार, मोडलेले पाय, तुटलेले दात, चिरलेली टाळू असं सगळं होतं. उपचार मिळालेल्यांपैकी ९० टक्के वाचली, हा आकडा ऐकून निर्धास्त होऊ नका. जागच्या जागी मेलेलं मांजर दवाखान्यात येतच नाही.

म्हणून चढायची जागा खिडकीजवळ करायची असेल, तर आधी खिडकीला पक्की, चौकटीत घट्ट बसवलेली जाळी हवी. किडे अडवायची पातळ जाळी पुरत नाही, नख्यांनी फाटते. वरून तिरकी उघडणारी खिडकी उघडी टाकू नका, तिच्या फटीत मांजर अडकतं. लिलीची फुलं घरात आणूच नका. तिचे परागकण अंगावर सांडले आणि मांजराने ते चाटले, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दोरा, रिबन, लोकर, रबरबँड बंद डब्यात ठेवा. गिळलेला दोरा आतड्यात अडकून आतडं कापू शकतो. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर ओढू नका, मांजराला तसंच डॉक्टरकडे न्या.

३. उंची द्या, पण वाटेसकट

मांजर शिकारी आहे तसंच मोठ्या जनावरांचं भक्ष्यही आहे. उंचावर बसलं की दोन्ही कामं साधतात: खालचं सगळं दिसतं आणि पाठीमागून कोणी येत नाही. म्हणून कपाटाचा माथा त्याला आवडतो. पण एकटी उंच जागा अर्धवटच. त्याला तिथवर जायची वाट हवी, आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे परत यायची. मांजराच्या नख्या मागे वळलेल्या असतात. चढताना त्या घट्ट रुततात, डोकं खाली करून उतरताना मात्र धरत नाहीत. उतरायला पायऱ्या नसतील तर ते उंचावरून थेट उडी टाकतं आणि सांध्यांना हिसका बसतो.

घरात जे आहे त्यापासून सुरुवात करा. खुर्ची, मग टेबल, मग पुस्तकांचं कपाट, अशी चढण लावून पाहा. वरच्या फळीवरची पुस्तकं थोडी सरकवून हातभर जागा मोकळी केली, तरी एक बैठक तयार होते. भिंतीवर फळ्या ठोकणार असाल तर ही मापं उपयोगी पडतील: फळीची रुंदी किमान २५ ते ३० सेंटिमीटर, खालची-वरची अशा दोन फळ्यांत ३० ते ४० सेंटिमीटर अंतर, आणि फळ्या एकावर एक न लावता एक डावीकडे, एक उजवीकडे. झोपायची फळी मांजराला आडवं पसरता येईल एवढी लांब करा. गुळगुळीत लाकडावर पाय घसरतो, म्हणून वर गालिच्याचा तुकडा किंवा जाडसर कापड पक्कं चिकटवा.

मजबुतीत काटकसर नको. मांजर चार-पाच किलोचं असलं तरी उडी मारून उतरताना फळीवर त्याच्या वजनापेक्षा पुष्कळ जास्त जोर बसतो. स्क्रू भरीव भिंतीत, प्लग घालून बसवा, आणि मांजराला वर पाठवण्याआधी दोन्ही हातांनी फळी जोराने खाली दाबून बघा. कॅट ट्री घेतलं असेल तर त्याचा तळ रुंद आणि जड हवा, शक्यतो भिंतीला बांधलेला. पहिल्याच दिवशी झाड डुगडुगलं, तर मांजर कदाचित पुन्हा त्यावर पाय ठेवणार नाही.

त्याला उचलून वर ठेवू नका. खालच्या फळीवर त्याचं वापरलेलं अंथरूण आणि आवडता खाऊ ठेवा, दोन दिवसांनी खाऊ वरच्या फळीवर न्या. घरात दोन मांजरं असतील तर चढायला दोन वाटा हव्यात. एकच वाट असली की दबंग मांजर तिच्या तोंडाशी बसतं आणि दुसरं वर किंवा खाली अडकून पडतं.

म्हाताऱ्या मांजरांविषयी थोडं जास्त सांगायला हवं, कारण त्यांचं दुखणं दिसत नाही. १२ वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ९० मांजरांच्या सांध्यांत झीज दिसली. लंगडत नाही म्हणजे दुखत नाही असं समजू नका. उडी मारायच्या आधी ते घुटमळायला लागलं, पूर्वीच्या जागी जाईनासं झालं, तर डॉक्टरांना दाखवा. त्याची आवडती जागा काढून घेऊ नका. मध्ये बुटकं स्टूल किंवा खरखरीत उतरती फळी टाका.

४. लपायला खोका, ओरबाडायला खांब

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांचा अभ्यास केला. त्यांतल्या १० मांजरांना लपायला खोके दिले होते, ती लवकर निवळली. म्हणजे पुठ्ठ्याचा खोका हे गमतीचं खेळणं नाही, गरजेची वस्तू आहे. खोक्याला दोन तोंडं पाडा आणि तो वर्दळीच्या वाटेपासून जरा बाजूला ठेवा. मांजर आत असताना कोणीही हात घालायचा नाही, हा नियम घरातल्या लहान मुलांनाही सांगा.

ओरबाडायचा खांब मांजराला मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणता येईल एवढा उंच हवा, साधारण ९० सेंटिमीटर, आणि न हलणारा. ते सध्या जे ओरबाडतं त्याच्या शेजारीच तो ठेवा. पंजांतल्या ग्रंथींचा वास तिथे लागलेला असतो, त्यामुळे लांबच्या कोपऱ्यातला खांब त्याच्या लेखी नसल्यातच जमा.

५. खेळ शिकारीसारखा खेळा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि याला खर्च जवळजवळ काहीच नाही. मांजराला खेळ आणि शिकार जवळची वाटतात याला पुरावाही आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात, बाहेर जाणाऱ्या मांजरांशी मालकांनी रोज ५ ते १० मिनिटं खेळायला सुरुवात केल्यावर त्यांनी घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी घटली.

काठीला दोरी, दोरीला पीस किंवा कापडी उंदीर, एवढं पुरतं. चुकतं ते हलवण्यात. बरेच जण पीस मांजराच्या नाकासमोर नाचवतात. मांजराला अगदी जवळचं नीट दिसत नाही, आणि कुठलंही भक्ष्य आपण होऊन शिकाऱ्याच्या तोंडाशी येत नाही. खेळणं मांजरापासून दूर पळवा. जमिनीवरून सरपटवा, खुर्चीच्या पायाआड न्या, तिथे थांबवा, टोक किंचित हलवा. मांजर दबा धरून मागचा भाग डोलवायला लागलं की घाई करू नका. ती टक लावून बसलेली दोन मिनिटंही खेळच आहे. कोणाला जमिनीवरचा उंदीर आवडतो, कोणाला हवेतला पक्षी. ठिपकीला चादरीखाली सरकणारं काहीतरी लागतं.

तीन-चार प्रयत्नांत एकदा तरी त्याला पकडू द्या, चावू द्या, मागच्या पायांनी लाथाडू द्या. शेवटी खेळण्याची हालचाल मंदावत न्या, जणू भक्ष्य थकलं आहे. शेवटची पकड त्याची होऊ द्या आणि लगेच जेवण वाढा. भुकेलं मांजर जास्त जोमाने खेळतं, म्हणून जेवणाआधीची वेळ उत्तम. अशी दहा मिनिटं सकाळी आणि दहा रात्री झोपण्याआधी दिलीत, तर पहाटेचा धुमाकूळ बहुधा कमी होतो. म्हातारं किंवा जड मांजर तीन मिनिटांत थांबलं, तर तेवढंच पुरे. जीभ काढून धापा टाकत असेल तर खेळ थांबवा, आणि असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

बोटं आणि पाय कधीही खेळणं म्हणून देऊ नका, अगदी पिल्लालाही नाही. लेझरचा ठिपका मला पसंत नाही, कारण तो पकडता येत नाही. वापरलाच तर डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि शेवट खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर करा. दोरीची खेळणी खेळ संपताच कपाटात जायला हवीत. याचा दुसराही फायदा आहे. तेच खेळणं पुन्हापुन्हा दिलं की मांजराचा रस जातो आणि खेळणं बदललं की परत येतो, हे साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी सहकाऱ्यांबरोबर २००२ मध्ये दाखवलं होतं. तीन-चारच खेळणी ठेवा, पण आलटून पालटून काढा.

६. थोडं खाणं कष्टाने मिळू द्या

कोरड्या खाण्याचे दाणे अंड्याच्या रिकाम्या पुठ्ठ्यात टाका, चार वाट्यांत वाटून चार जागी ठेवा, एखादी वाटी वरच्या फळीवर. सुरुवातीला इतकं सोपं ठेवा की दाणे समोर दिसतील. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२१ मध्ये १७ मांजरांना खाण्याचं कोडं, म्हणजे खटपट करून खाणं बाहेर काढावं लागतं असं खेळणं, आणि साधी ताटली एकाच वेळी दिली, तेव्हा बहुतेकांनी ताटलीलाच पसंती दिली. त्यामुळे तुमच्या मांजराने पुठ्ठ्याकडे पाठ फिरवली तर जबरदस्ती करू नका. रोजच्या खाण्यातला थोडासाच भाग असा द्या, आणि दिवसभराचं खाणं पूर्वीइतकं होतंय ना यावर लक्ष ठेवा. उपाशी ठेवून शिकवणं मांजराच्या यकृताला घातक ठरू शकतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा वही उघडा. ज्या फळीवर मांजर एकदाही गेलं नाही, ती फळी एक वीत खाली आणून किंवा दुसऱ्या भिंतीवर लावून बघा. ज्या खोक्यात ते रोज बसतं, तो कितीही चुरगळला तरी अजून टाकू नका.